वागळे इस्टेटीचा इतिहास कोणीं लिहावा?

"वागळे इस्टेटीला इतिहास कसला?" हा प्रश्न आम्हीं इतक्या जणांच्या तोंडून ऐकला आहे कीं, त्याचें उत्तर एकदां ह्या वार्षिकांतून जाहीरपणें द्यावें असें वाटूं लागलें. विचारणाऱ्यांचा कांहीं दोष नाहीं. त्यांच्या मतें इतिहास म्हणजे रायगड, पानिपत, शनिवारवाडा. फार तर ठाण्याचा किल्ला. जेथें कित्येक रस्त्यांना नांवेंदेखील नाहींत, नुसते आंकडे आहेत, सोळा नंबरचा रोड, बावीस नंबरचा रोड, अशा कारखान्यांच्या वसाहतींत इतिहास शोधणें म्हणजे त्यांना वाळूंतून तेल काढण्यासारखें वाटतें. आमचें मत अगदीं उलट आहे. ज्या भूमीवर साठ वर्षांहून अधिक काळ हजारों माणसांनीं रात्रंदिवस पाळ्यांनीं काम केलें, संसार थाटले, मुलें वाढविलीं, आणि ज्या भूमीवर त्यांच्याहि पूर्वीं दुसरीं माणसें नांदत होतीं, तिला इतिहास आहेच. तो लिहिलेला नाहीं, इतकेंच. आणि तो लिहिण्याचा पहिला अधिकार ह्या भागांतील शाळांचा व त्यांच्या विद्यार्थ्यांचा आहे, असें आम्हांस आग्रहानें सांगावयाचें आहे.

ह्या बाबतींत इंग्लंडांतील खेड्यांपासून घेण्यासारखें पुष्कळ आहे. तेथें लहानशा खेड्यालाहि स्वतःचा लिहिलेला इतिहास आढळतो, आणि तो बहुधा त्याच गांवच्या पाळकानें, शिक्षकानें किंवा एखाद्या हौशी रहिवाशानें लिहिलेला असतो. इंग्रज मनुष्य जन्मतःच इतिहासाचा भक्त असतो असें मुळींच नाहीं. राजा आठवा हेन्री याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानें १५३८ सालीं हुकूम काढला कीं, प्रत्येक चर्चमध्यें एक वही ठेवावी आणि आठवड्याच्या आठवड्यास तेथील बाप्तिस्मे, लग्नें व दफनें तींत नोंदवावीं. ह्या वह्यांवरून आतां नवा कर बसणार, अशी लोकांत कुजबुज झाली. कित्येक ठिकाणीं वह्या अर्धवट राहिल्या, कित्येक ओलीनें कुजल्या. परंतु ज्या टिकल्या, त्यांवर पुढें गांवोगांवच्या इतिहासाचा सारा डोलारा उभा राहिला. शेतमजूर, गवळी, चांभार, मोलकरीण, ज्यांचा उल्लेख कोणत्याहि राजाच्या चरित्रांत येण्याचें कारण नव्हतें, त्यांचीं नांवें निदान दोन-तीनदां कागदावर चढलीं.

त्या नांवांचें मोल काय, हें पाहावयाचें असेल तर डर्बीशायर परगण्यांतील ईम ह्या खेड्याची हकीगत वाचावी. १६६५ सालीं लंडनांत प्लेगनें कहर केला होता. त्याच सालच्या पावसाळ्यानंतर, असें आपण आपल्याकडच्या हिशेबानें म्हणूं, लंडनहून ईम येथील एका शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला. कापड दमट होतें म्हणून तें विस्तवापुढें वाळत घातलें. त्या गठ्ठ्यांत प्लेगच्या पिसवा आल्या असें सांगतात. कापड उलगडणारा जॉर्ज व्हिकर्स थोड्याच दिवसांत मेला, आणि मग एकामागून एक घरें लागलीं. पुढल्या उन्हाळ्यांत गांवच्या पाळकांनीं, विल्यम मॉम्पेसन यांनीं, एक विलक्षण गोष्ट केली. त्यांच्या पूर्वीं त्या जागेवर असलेले आणि धर्ममतामुळें दूर झालेले थॉमस स्टॅन्ली गांवांतच होते. दोघांची मतें जुळण्यासारखीं नव्हतीं. तरी दोघांनीं मिळून गांवकऱ्यांना पटविलें कीं, रोग शेजारच्या गांवांत जाऊं नये म्हणून कोणीं आपली शीव ओलांडूं नये. बाहेरच्या लोकांनीं शिवेवरच्या दगडापाशीं अन्न ठेवावें, आणि दगडांतील खळग्यांत शिरका घालून त्यांत बुडविलेलीं नाणीं उचलून न्यावीं, असा क्रम सुरू झाला. चर्चचे दरवाजे लावून उपासना उघड्या घळींत होऊं लागली. १६६६ च्या नोव्हेंबरांत साथ थांबली, तोंपर्यंत सुमारें २६० माणसें गेलीं होतीं. मॉम्पेसन यांची पत्नी कॅथेरिन त्यांत होती. एलिझाबेथ हॅन्कॉक नांवाच्या बाईनें आठ दिवसांत आपला नवरा व सहा मुलें स्वतःच्या हातांनीं पुरलीं.

साडेतीनशें वर्षांनंतर आपण ही एलिझाबेथ हॅन्कॉक कोण, हें सांगूं शकतों. ती राणी नव्हती, कवयित्री नव्हती. तिची हकीगत राहिली याचें कारण गांवानें नांवें लिहून ठेविलीं, आणि पुढें विल्यम वुड नांवाच्या त्याच गांवच्या रहिवाशानें १८४२ सालीं ईमचा इतिहास लिहून तो प्रसिद्ध केला. आज त्या खेड्यांतील कित्येक घरांवर पाट्या आहेत. ह्या घरांत अमुक अमुक राहत होते व अमुक दिवशीं वारले, असें त्यांवर लिहिलेलें असतें. रस्त्यानें जाणाऱ्या पोरालाहि तें वाचतां येतें.

दुसरें उदाहरण सुखाचें आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. हॅम्पशायरमधील सेलबोर्न ह्या गांवीं गिल्बर्ट व्हाइट नांवाचे एक धर्मोपदेशक होते. त्यांनीं आपल्या गांवचे पक्षी, झाडें, ऋतु आणि जुन्या वास्तु यांविषयीं मित्रांना पत्रें लिहिलीं. त्यांचें पुस्तक १७८९ सालीं निघालें आणि तें अद्यापि छापलें जातें. गांव तेंच, ओढा तोच. पाहणारे डोळे मात्र हवेत.

पण इंग्रजांचें सगळेंच उचलावें असें आमचें म्हणणें नाहीं. तेथील पुष्कळ ग्रामेतिहास म्हणजे जमीनदाराच्या घराण्याची वंशावळ आणि चर्चच्या खांबांचें वर्णन. गांव म्हणजे जणूं वाडा आणि मनोरा! ज्यांनीं तो मनोरा बांधला त्या गवंड्यांना तेथेंहि पुष्कळदां जागा नाहीं. १८९९ सालीं सर्व परगण्यांचा गांववार इतिहास लिहिण्याचें मोठें काम तेथें सुरू झालें, तें अजून पुरें झालेलें नाहीं. त्यांतहि आरंभीं मालकी हक्कांची कुळकथाच फार. आपण लिहावयास बसलों तर तो दोष आपल्यांत येऊं नये. वागळे इस्टेटीचा इतिहास म्हणजे कोणत्या कारखान्याचा मालक कोण, ही यादी नव्हे.

आतां आपल्या ठाण्याकडे वळूं. ठाण्याविषयीं लिहिलेलें कमी नाहीं. परंतु जुनें जें आहे, तें बहुतेक वाटसरूंनीं लिहिलेलें आहे. मार्को पोलो याच्या वर्णनांत ठाण्याचें राज्य आहे. ओडोरिक नांवाचा फ्रान्सिस्कन साधु येथें आला, १३२१ सालीं येथें मारल्या गेलेल्या आपल्या पंथाच्या चार साधूंच्या अस्थि त्यानें बरोबर घेतल्या, आणि तो चीनकडे निघून गेला. बिशप हीबर १८२५ सालीं आले, इंग्रजांच्या चर्चचें समर्पण करून आपल्या रोजनिशींत चार शब्द लिहून गेले. १८८२ सालीं कॅंपबेलसाहेबांच्या देखरेखीखालीं ठाणें जिल्ह्याचें गॅझेटियर निघालें. तें बहुमोल आहे, पण तें राज्य करणाऱ्यांच्या सोयीसाठीं लिहिलेलें आहे, हें वाचतांना विसरूं नये. घरच्या माणसांनींहि कांहीं केलें नाहीं असें नाहीं. 'महाराष्ट्र सारस्वत'कार विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकारानें १८९३ सालीं ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय निघालें, डॉ. दाऊद दळवी यांनीं 'असे घडले ठाणे' हें पुस्तक लिहिलें. विद्यार्थ्यांनीं तें मिळवून वाचावें. तरी किल्ला, तलाव आणि १८५३ ची आगगाडी यांच्या पंगतीस बसावयाला कारखान्यांच्या वसाहतीस अजून पाट मिळालेला नाहीं, हें खरें.

येथें एक जुनी गोष्ट आठवते. १७८७ सालीं ठाण्याच्या किल्ल्यांत खोदकाम चाललें असतां तांब्याचे पत्रे सांपडले. ते शिलाहार राजा अरिकेसरी याच्या दानाचे, शके ९३९ चे, म्हणजे इसवी सन १०१७ चे होते. दान दिलेल्या गांवाच्या चारी दिशांच्या सीमा त्यांत सांगितल्या आहेत: इकडे अमुक गांव, तिकडे नदी. एका गांवाची शीव चुकूं नये म्हणून हजार वर्षांपूर्वीं लोक तांब्यावर अक्षरें खोदीत. आणि आमच्या इस्टेटीखालीं कोणतें गांव झांकलें गेलें, हें येथील दहावीच्या वर्गांत विचारलें, तर चाळीसांपैकीं दोन हात वर झाले तरी पुष्कळ.

उत्तर फार दूर नाहीं. इस्टेटींतील जमिनीचे कागद पाहिले तर त्यांवर पांचपाखाडी ह्या गांवाचें नांव सांपडतें. पाखाडी म्हणजे गांवांतील आळी, वाडी. मुंबई-साष्टींतील जुन्या कोळी व ख्रिस्ती वस्त्यांत हा शब्द अजून जिवंत आहे. तेव्हां पांच पाखाड्यांचें मिळून एक गांव, हा अर्थ त्या नांवांतूनच डोकावतो. रायलादेवीचा तलाव अद्यापि आहे. तलावाकांठीं देवी आहे, म्हणजे तिला पुजणारीं माणसें होतीं. येऊरच्या डोंगरावरून उतरणारें पाणी कोणत्या ओहोळानें खाडीकडे जात होतें, शेत कोठें होतें, गुरचरण कोठें, हें सांगणारी म्हातारीं माणसें पांचपाखाडींत, हाजुरींत, चेंदणीच्या कोळीवाड्यांत भेटतील. परंतु तीं दरवर्षीं कमी होत आहेत. तलाठ्याच्या दप्तरांतील सातबारा व फेरफार वाचावयास शिकलेला एक विद्यार्थी ह्या कामीं दहा भाषणांपेक्षां अधिक उपयोगीं पडेल. अमुक सालीं अमुक खातेदाराचें नांव कमी होऊन मंडळाचें नांव लागलें, ह्या कोरड्या ओळींत एका घराण्याची भातशेती संपल्याची बातमी असते. तिला मोबदला मिळाला असेल. तो पुरेसा होता कीं नाहीं, तें त्या घरांत जाऊन विचारावें. कारखान्यांनीं हजारोंना भाकरी दिली हें जितकें खरें, तितकेंच कोणाची तरी भाकरी त्यासाठीं हलली हेंहि खरें. एक लिहून दुसरें गाळणें याला आम्ही इतिहास म्हणणार नाहीं.

नंतरचा अध्याय महाराष्ट्राच्या घडणीशीं जोडलेला आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजीं झाली, आणि तो समारंभ मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालीं ह्याच वागळे इस्टेटींत पार पडला. आज राज्यभर एम.आय.डी.सी. हीं अक्षरें ज्या पाट्यांवर दिसतात, त्यांचें बारसें येथें झालें म्हणावयास हरकत नाहीं. मग यंत्रांचे सुटे भाग, औषधें, रसायनें, छपाई असे नाना कारखाने उभे राहिले. रत्नागिरी-सिंधुदुर्गाहून, सातारा-सांगलीहून, घाटावरून, पुढें उत्तरेकडून व दक्षिणेकडून माणसें आलीं. किसननगर, श्रीनगर, लोकमान्यनगर ह्या वस्त्या दाटल्या. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंतून फिटर, टर्नर बाहेर पडले. आजाऱ्यांसाठीं कामगार विमा रुग्णालय झालें. नंतर १९९० च्या पुढें एकेक फाटक बंद होत गेलें, आणि जेथें लेथ फिरत होते तेथें कांचेच्या इमारती उभ्या राहून संगणकावर काम चालूं लागलें. एवढी मोठी घालमेल दोन पिढ्यांत झाली. नातू वातानुकूलित खोलींत बसतो, त्याच जागीं आजोबा ऑइलनें माखलेल्या हातांनीं डबा खात होते. आणि नातवाला तें ठाऊक नसतें.

आमच्याकडे चर्चच्या वहीसारखें सर्वांना सामावणारें कांहीं नाहीं, असें कोणी म्हणेल. आहे; आणि तें प्रत्येक जुन्या शाळेच्या कचेरींतील कपाटांत आहे. शाळेचें जनरल रजिस्टर! मुलाचें नांव, जन्मस्थान, पूर्वीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि सोडण्याचें कारण. प्रवेशाच्या अर्जावर वडिलांचा धंदाहि असतो. दाखला काढण्यापलीकडे ह्या वहीचा उपयोग कोणी करीत नाहीं. पण समजा, जन्मस्थानाच्या रकान्यांत एका दशकांत खेड, चिपळूण, पाटण हीं नांवें दिसलीं आणि पुढच्या दशकांत जौनपूर, आझमगड येऊं लागलीं, तर वस्ती कशी भरत गेली याचा नकाशाच हातीं आला. समजा, एखाद्या वर्षाच्या मध्येंच बरींच मुलें "पालक गांवीं गेल्यामुळें" नांव काढून गेलीं, तर त्या वर्षीं कोणतें फाटक बंद झालें, हा पुढचा प्रश्न झाला. मुलींचीं नांवें कोणत्या सालापासून वाढलीं, त्या कोणत्या इयत्तेंतून गळाल्या, हें पाहिलें तर घरोघरचा इतिहास बोलूं लागेल. ईमच्या पाळकाजवळ ह्याहून अधिक काय होतें?

मात्र येथें एक बंधन हवें, आणि तें आम्ही कडक ठेवूं. रजिस्टर मुलांच्या हातांत मोकळें देऊं नये. त्यांत जातीचा रकाना आहे, वर्तणुकीचा शेरा आहे, कोणाच्या घरची उणीव आहे. शिक्षकांनीं नांवें झांकून केवळ सालें, गांवें व कारणें उतरून द्यावीं. शेजाऱ्याच्या घराची झडती घेणें म्हणजे इतिहास नव्हे. आणि त्या वह्यांचे वेळींच फोटो काढून ठेवावे. पावसाळ्यांत कपाटाच्या खालच्या कप्प्याची काय अवस्था होते, तें ठाण्यांत राहणाऱ्यास सांगावयास नको.

आम्हांस घाई कां वाटते, तें सांगतों. २०२० सालच्या महासाथींत ठाण्यांतील ज्या भागांना अधिक झळ लागली त्यांत वागळे इस्टेट व लोकमान्यनगर होतीं. दहा बाय दहाच्या खोलींत सहा माणसें, सार्वजनिक नळ, सार्वजनिक संडास. तेथें दूर राहा म्हणून सांगणें सोपें होतें, राहणें कठीण. ईमच्या लोकांनीं शीव ओलांडली नाहीं म्हणून जग त्यांना वाखाणतें. आमच्याकडच्या पुष्कळ मजुरांना शीव ओलांडण्यावांचून गत्यंतर नव्हतें. काम बंद, भाडें चालू, म्हणून त्या मे महिन्याच्या उन्हांत नाशिकच्या रस्त्यानें पायीं निघालेल्या माणसांच्या रांगा आपण सर्वांनीं पाहिल्या. कोणत्या चाळीचा रस्ता बांबू लावून बंद केला होता, कोणत्या मंडळानें खिचडी शिजविली, कोणती परिचारिका आठवडेंच्या आठवडे घरीं गेली नाहीं, कोणाच्या अंत्यविधीस मुलगादेखील जाऊं शकला नाहीं? हें सर्व आज लोकांच्या तोंडीं आहे. तें पाहणारीं तेव्हांचीं लहान मुलें आज आमच्याच वरच्या वर्गांत बसलेलीं आहेत. ह्या माणसांचीं नांवें कोठें लिहिलीं गेलीं? रुग्णांची संख्या दप्तरांत आहे. पण संख्येला चेहरा नसतो. ईमला २६० हा आंकडा नुसताच राहिला असता, तर आज तेथें कोणी थांबलें नसतें.

कांहीं पालक विचारतील कीं, "गुरुजी, याला मार्क किती?" मार्क नाहींत. दहावीच्या वर्षीं हें काम मुलांवर टाकूंहि नये. परंतु पांचवी ते नववीच्या मुलांना मे महिन्याच्या सुटींत मोबाइलवरून डोळे उचलावयास कांहीं निमित्त हवेंच असतें, आणि आजी-आजोबांनाहि कोणी तरी ऐकणारें हवें असतें. पालकांस आमची विनंति इतकीच कीं, मुलानें प्रश्न विचारला म्हणजे "तें सगळें जुनें झालें, अभ्यास कर" असें म्हणून त्यास उठवूं नये. आपल्या वडिलांनीं चाळींत एका खोलींत पांच गांववाल्यांबरोबर दिवस काढले, यांत लपविण्यासारखें काय आहे? ज्या घरांत ही गोष्ट अभिमानानें सांगितली जात नाहीं, त्या घरांतील मूल पुढें गरीब वर्गबंधूकडे कोणत्या दृष्टीनें पाहील, याचा विचार करावा.

काम कसें करावें, याविषयीं थोडी सूचना करतों. एक दोनशें पानी वही घ्यावी. पहिल्या पानावर सांगणाऱ्याचें नांव, वय, मूळ गांव व येथें आल्याचें साल लिहावें. नांव लिहावयास त्यांची परवानगी विचारावी, नको म्हणाले तर "एक टर्नर, मूळ गांव पाटण" एवढेंच पुरे. पहिल्या दिवशीं कोणाकडे उतरलां, पहिला पगार किती, पाळी कोणती, घरासमोर तेव्हां काय दिसे, पाणी कोठून आणीत, कारखाना बंद झाला त्या आठवड्यांत घरांत काय बोलणें झालें, हें विचारावें. बायकांना आवर्जून विचारावें. कारखान्याचा इतिहास पुरुष सांगतात, पण नळावरचा इतिहास त्यांना ठाऊक नसतो. बोलणारे मालवणी बोलोत, आगरी बोलोत, हिंदी बोलोत, त्यांचे शब्द तसेच उतरावे. ते शुद्ध करण्याचा मोह टाळावा. दोघांच्या सांगण्यांत फरक पडला तर दोन्ही लिहावें, आणि निकाल देण्याची घाई करूं नये. हजेरीचें कार्ड, पगाराची चिठ्ठी, विम्याचें पुस्तक, संपाचें पत्रक, कारखान्याच्या फाटकासमोर काढलेला फोटो, यांपैकीं जें दाखवतील त्याचें वर्णन करावें, वाटल्यास छायाचित्र घ्यावें. मूळ वस्तु मात्र ज्याची त्याच्याजवळ राहूं द्यावी.

भरलेल्या वह्या जूनमध्यें शाळा उघडल्यावर वर्गशिक्षकांकडे द्याव्या. ग्रंथालयांत त्यांच्यासाठीं एक कपाट राखून ठेवावें, असें आम्हीं मुख्याध्यापकांस सुचविलें आहे. वहीच्या पाठीवर मुलानें आपलें नांव घालावें, आणि ज्या रस्त्यावर ती लिहिली त्याचा नंबरहि.